इंजिनावर तांदळाचं पीठ

उत्रोलीतल्या माझ्या खोलीची खिडकी उघडली, की सकाळी आधी दोन पाय दिसायचे. अंगणात उभ्या असलेल्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या खालून बाहेर आलेले; टाचांना भेगा, एका पायात रबरी चप्पल, दुसरी चप्पल कोंबड्यांमध्ये कुठेतरी. खिडकीच्या कडीचा आवाज झाला की गाडीखालून हाक यायची, "पोरी, उठलीस का? उजेडाला बॅटरी दे जरा हिकडं. आन् च्या ठेव. दोनी एकदम नगं, आदी बॅटरी."

ते पाय आक्कांचे. आक्का माझ्या घरमालकीण. मी तेव्हा एका संस्थेत होते. भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांतल्या गावांत जाऊन भाताच्या रोपवाटिकेचं आणि लावणीचं प्रशिक्षण द्यायचं, असं काम होतं. भोरात खोली बघत होते, तर कुणीतरी सांगितलं, उत्रोलीत गिरणीवाल्या आक्कांकडे एक खोली रिकामी आहे, पण त्या भाडेकरू पारखून घेतात. मी गेले तेव्हा आक्का दळत होत्या. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला टॉवेल, भुवया आणि पापण्या पिठाने पांढऱ्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही पट्ट्याच्या खडखडाटावर ओरडून, "गाडी ढकलता येती का?"

मी म्हटलं, "येते."

"मग आन सामान."

गिरणी बंद असली तरी आक्का ती चालू असल्यासारख्याच बोलायच्या. त्यांनी कुणाच्या कानात सांगितलेली गोष्ट ओढ्यापलीकडे ऐकू जायची. त्यांना त्याचं काही वाटत नसे. म्हणायच्या, "गिरणीत मानूस खोटं बोलत न्हाई. वरडून खोटं बोलायला लई ताकद लागती."

दळायला आलेल्या प्रत्येक डब्यातलं पीठ त्या चिमूटभर जिभेवर ठेवून बघत. मग निकाल देत. "ह्ये तांदूळ नीट वाळलं न्हाईत. भाकरी चिरंल." बाई नाराज होऊन जायची, आणि पुष्कळदा आक्कांचं खरंही निघायचं. कधी साफ चुकायच्या. पण चुकतानाही इतक्या ठामपणे चुकायच्या, की समोरच्या बाईला घरी जाऊन आपलंच पीठ दोनदा चाखून बघावं लागे.

गाडी त्यांनी भोरमधल्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. डॉक्टरांनी नवी घेतली आणि ही दारात पडून होती. तेव्हा आक्कांना चालवता येत नव्हतं. भाताची कापणी झालेल्या स्वतःच्या खाचरात, बांध वाचवत वाचवत, त्या शिकल्या. पन्नाशी उलटलेली बाई खाचरात गोल गोल गाडी फिरवते आहे, हे बघायला गाव बांधावर बसायचं म्हणे. एकदा बांध चुकला आणि गाडीचं नाक पाटात गेलं. आक्का खाली उतरल्या, बांधावरच्या मंडळींना म्हणाल्या, "बसलाय कशाला? काडा की." तेव्हापासून गाव गाडी ढकलण्यात तरबेज झालं.

गाडी घेण्याचं कारण त्या धंद्याचं सांगायच्या. वेल्ह्यात तोरण्यावर जाणाऱ्या ट्रेकवाल्यांची गर्दी वाढली होती, तिथल्या हॉटेलांना तांदळाचं आणि नाचणीचं पीठ लागायचं, आणि एसटीत पोती चढवता-उतरवता आक्कांची कंबर जायची. आठवड्यातून एकदा त्या पोती गाडीत टाकून वेल्ह्याला जात. माझं त्या बाजूला काम असलं की मीही बसायचे. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी असा रस्ता. आक्का सगळा रस्ताभर बोलत, आणि वेल्ह्याची बाजारपेठ आली की एकदम गप्प होत. काच वर करायच्या, मान ताठ, नजर समोर. बाजारपेठेच्या तोंडाशी उतारावर एक पत्र्याचं गॅरेज होतं, ते मागे पडलं की काच पुन्हा खाली यायची.

ते गॅरेज मिस्त्रींचं. आणि मिस्त्री म्हणजे आक्कांचे नवरे.

ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. मला ती आक्कांनीच सांगितली. गिरणीचा दगड उतरवून त्याला टाकी लावत बसल्या होत्या. छिन्नीचे ठोके घालता घालता बोलत होत्या, भाजीचा भाव सांगावा तशा.

"लगीन होऊन लई दीस झालं नव्हतं. म्या म्हनलं, स्टोचं रॉकेल कुठनंतरी गळतंय, वास येतोय. त्ये म्हनलं, तुला समदीकडंच वास येतो. म्या परत सांगितलं. त्ये म्हनलं, इंजनं खोलतो मी, स्टो मला कळत न्हाई व्हय? मग म्या सांगायचंच सोडलं."

त्यांनी शर्टाची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी वेगळी होती, गुळगुळीत आणि फिकट.

"इझवलं त्यांनीच. सोताचं हात भाजून घेतलं. मानूस वाईट न्हाई, पोरी. पर म्या दवाखान्यातनं थेट माहेरी आले. न्यायला आलं तवा दारात हुबं ऱ्हाऊन म्हनलं, 'स्टो नीट केलाय, चल.' म्या म्हनलं, 'स्टो नीट झाला. तुमी?' त्यांना कळलंच न्हाई म्या काय इचारलं त्ये. उलट्या पावली ग्येलं."

त्यानंतर दोघांनीही दुसरं लग्न केलं नाही, आणि सोडचिठ्ठीसाठी कोर्टाची पायरीही चढले नाहीत. आक्कांनी वडिलांची गिरणी हाती घेतली. मिस्त्री वेल्ह्यातच राहिले. अधूनमधून कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयताला दोघं एकमेकांना दिसत, आणि गर्दीच्या दोन टोकांना उभे राहत.

गाडीचं ऑइल गळायला लागलं ते मी राहायला येण्याच्या आधीपासूनच. सुरुवातीला अंगणात रुपयाएवढा डाग पडायचा, पुढे भाकरीएवढा. आक्कांना सगळ्यात जास्त लाज होती ती दुसऱ्याच्या दारात डाग पडण्याची. म्हणून मागच्या सीटवर खोक्यांचे पुठ्ठे असायचे. कुठेही गाडी थांबली की आधी पुठ्ठा खाली सरकवायचा, मग दार लावायचं. रविवारी सकाळी त्या पांढरी, इस्त्रीची साडी नेसून विहारात वंदनेला जात. विहार दोन गल्ल्या सोडून, पण पांढरी साडी धुळीत मळते म्हणून गाडीने. विहाराच्या फरशीजवळ, पांढऱ्या साडीत, ओणव्या होऊन गाडीखाली पुठ्ठा नीट करणाऱ्या आक्का मला अजून दिसतात. आत मंडळी थांबलेली असायची. आक्का आल्याशिवाय वंदना सुरू करायची नाही असा काही नियम नव्हता, पण पुठ्ठ्याची खसखस थांबेपर्यंत कुणी सुरू करत नसे.

गळतीवर भोरमध्ये प्रत्येकाचं मत वेगळं. एकाने सांगितलं, खालच्या चेंबरचं पॅकिंग गेलं असेल. दुसऱ्याने जाड ऑइल घालायला सांगितलं. तिसऱ्याने न विचारताच सगळ्या जोडांवर बाहेरून फटी बुजवायचं लोशन थापलं. त्यावर आठवडाभर डाग थांबला आणि मग दुप्पट झाला. ह्या गाडीचं काम जाणणारा माणूस वेल्ह्याला आहे, असं मात्र तिघांनीही सांगितलं. आक्का ते ऐकून म्हणायच्या, "वेल्हं लांब पडतंय." दर आठवड्याला वेल्ह्याला जाणारी बाई!

शेवटी त्यांनी ठरवलं, गळती कुठून होते ते आपणच शोधायचं. एका रविवारी वंदनेहून आल्या, पांढरी साडी बदलली आणि बॉनेट उघडलं. आधी डिझेल आणि धुण्याचा सोडा घेऊन ब्रशने इंजिन घासलं. रॉकेलने लवकर निघेल, असं मी म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा ते नाव काढलं नाही. त्यांच्या घरात रॉकेल येत नसे.

इंजिन वाळल्यावर तांदळाच्या पिठाचा डबा आणला. तलम फडक्यात पीठ बांधलं आणि ती पुरचुंडी इंजिनावर हलके हलके आपटत सगळीकडे पांढरा थर दिला. मला म्हणाल्या, "चालू कर. आन् बोलायचं न्हाई. वल कुठनं सुरू हुती त्येवढंच बगायचं."

मी चावी फिरवली. इंजिन हादरलं, थोडं पीठ उडालं, आक्का त्या धुरळ्यात डोकं घालून उभ्या. हळूहळू इंजिन तापलं. धुराड्याच्या नळीवर पडलेलं पीठ भाजायला लागलं आणि अंगणभर भाकरीचा खरपूस वास सुटला. कोंबड्या धावत आल्या. शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "आक्के, आज गाडीवरच सैपाक का?" आक्कांचं लक्षच नव्हतं. वरच्या झाकणाच्या मागच्या कडेला पीठ पिवळसर झालं होतं, आणि तिथून बोटाएवढा ओला ओघळ खाली उतरत होता.

"सापडलं!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की कोंबड्या पांगल्या. "वरच्या झाकनाचं पॅकिंग! तिथनं वघळून मागं जातंय, म्हनून समद्यांना खालचं वाटतंय!"

त्यांचं तोंड इतकं उजळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भोरमध्ये त्या जुन्या गाडीचं पॅकिंग मिळेना. "मागवतो," दुकानदार म्हणाला. तोवर ऑइलचा डबा बरोबर ठेवायचा आणि ऑइल मोजायची पट्टी काढून बघत राहायचं, असं आक्कांनी ठरवलं.

आणि त्याच आठवड्यात, वेल्ह्याच्या बाजारपेठेत पोती उतरवून परत निघालो असताना, गाडीतला ऑइलचा लाल दिवा लागला.

आक्कांनी तत्क्षणी चावी बंद केली. खाली उतरून ऑइलची पट्टी ओढली. टोकालासुद्धा ऑइल नव्हतं. येतानाच मार्गासनीच्या चढावर सगळं गेलं असावं. डबा उघडला, तर तोही तळाला गेलेला. आम्ही उभ्या होतो तो उताराचा रस्ता, आणि खाली, अगदी समोर, ते पत्र्याचं गॅरेज.

बाजारातले दोघे-तिघे आले. एकाने विचारलं, "कुठं घेऊ, आक्का?" वेल्ह्यातही त्यांना सगळे ओळखत होते, आणि म्हणूनच विचारत होते. आक्कांनी परत आत बसून स्टिअरिंग धरलं. मग म्हणाल्या, "उतार कुठं जातोय? तितंच घ्या."

मिस्त्री एका जीपच्या चाकाशी बसले होते. बारीक अंगाचा, पांढऱ्या मिशांचा, डोळ्यावर दोऱ्याने बांधलेला चष्मा घातलेला माणूस. गाडी आत येऊन थांबली, तसे ते उठले आणि हात पुसू लागले. किती तरी वेळ पुसत राहिले. आक्का उतरल्या, मागच्या सीटवरून पुठ्ठा काढला आणि गाडीखाली सरकवला. गॅरेजची सगळी जमीन ऑइलने काळी झालेली, तिथे पुठ्ठा! मिस्त्रींनी तो पाहिला आणि हात पुसायचं थांबवलं.

बॉनेट उघडल्यावर ते वाकले.

"हे काय?"

"पीठ."

"कशाचं?"

"तांदळाचं."

मिस्त्रींनी बोटावर घेऊन चोळलं. "इंद्रायणी?"

"तुकडा-चुरी. इंद्रायणीचीच."

एवढ्या वर्षांनी नवरा-बायको पहिल्यांदा बोलत होते, आणि मी एका टायरवर बसून ऐकत होते.

"वरच्या झाकनाचं पॅकिंग ग्येलंय," आक्का म्हणाल्या. "म्या सोता बगितलंय."

मिस्त्री गाडीखाली गेले. बॅटरीचा उजेड इंजिनाच्या मागच्या बाजूला हलताना दिसला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका बोटाला ऑइल होतं. त्यांनी ते बोट नाकाशी नेलं, अंगठ्याने चोळलं, आणि आक्कांकडे बघितलं.

"पॅकिंग म्हणतीस?"

"व्हय."

"बरं," ते म्हणाले. "तेच बदलतो."

तयार पॅकिंग त्यांच्याकडेही नव्हतं. त्यांनी कॉर्कचा पातळ ताव काढला, त्यावर झाकण ठेवलं, पेन्सिलने रेघ मारली आणि कात्रीने इतकं सावकाश कापलं, जणू रेशमी कापड कापत आहेत. आक्का शेजारी उभ्या राहून बघत होत्या. पॅकिंग बसलं, नवं ऑइल घातलं, गाडी सुरू झाली. कुणी कुणाचा निरोप घेतला नाही. मार्गासनी आलं. आक्का एकदम म्हणाल्या, "आईकलं की त्यांनी." आणि घरी येईस्तोवर पुन्हा पुन्हा, कधी माझ्याशी, कधी रस्त्याशी, "आईकलं बग."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पुठ्ठ्यावर डाग होता. होता तेवढाच.

आक्कांनी पुन्हा डिझेल आणि सोडा काढला. ह्या वेळी इंजिनाची मागची बाजूही, हात पोचत नव्हता तिथे काडीला चिंधी बांधून, कोपरान् कोपरा घासली. लोशनचे जुने थर खरवडून काढले. पीठ मारलं, गाडी चालू केली. वरचं झाकण कोरडं ठणठणीत राहिलं. त्याच्या खाली, मागे, सगळीकडे पीठ पांढरंशुभ्र. ओल आली ती एकदम तळाशी, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या फटीतून. आधी त्यांना दिसलेली ओल लोशनखाली साचून राहिलेल्या जुन्या ऑइलची होती. तापल्यावर ते पाझरलं होतं.

आक्का गाडीखालून बाहेर आल्या आणि गिरणीच्या पायरीवर बसल्या.

"त्यांनी तितंच बोट लावलं हुतं," त्या म्हणाल्या. "वास घेऊन बगितला. त्यांना तवाच कळलं हुतं, पोरी."

त्या दिवशी गिरणी उघडली नाही. डबे घेऊन बायका आल्या, कुलूप बघून परत गेल्या. मी पाच वेळा चहा विचारला असेल. दुपारी आक्का उठल्या, ऑइलचे दोन डबे गाडीत टाकले आणि मला म्हणाल्या, "चल." माझं वेल्ह्याला काही काम नव्हतं. पण मी गेले.

मिस्त्री गॅरेजच्या दारात बाकड्यावर जेवत होते. स्टीलच्या डब्यात जाडजूड, वेड्यावाकड्या आकाराची भाकरी. आक्का समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, मागचं सील ग्येलंय. तुमाला ठावं हुतं."

"हां."

"मग बोलला का न्हाई?"

मिस्त्रींनी घास खाली ठेवला. "एकदा तुझं न आईकता बोललो हुतो. तवापास्नं सोताच्या भाकऱ्या सोता थापतोय. अजून गोल येत न्हाईत." त्यांनी डब्यातली भाकरी दाखवली. "त्यापरीस एक पॅकिंग वाया ग्येलेलं बरं."

मला वाटलं, आता आक्का हसतील, किंवा रडतील. आक्का भडकल्या.

"म्हंजी माझी मर्जी राखली व्हय? म्या चुकतेय त्ये दिसत हुतं, आन् तुमी गप ऱ्हाऊन कात्री चालवत बसला? येडी समजला मला?"

"मी कुठं..."

"आईकायचं म्हंजी हो म्हनायचं नस्तं, मिस्त्री! तवा तुमी आईकलं न्हाई, आन् आता बोलला न्हाई. ह्या दोन्हीच्या मदलं काय येतच न्हाई का तुमाला?"

समोरच्या किराणा दुकानातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. मिस्त्रींनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत घातला. मग डब्याचं झाकण लावून उठले.

"बरं. मग बोलतो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "सील ग्येलंय. गिअरबॉक्स उतरवाय लागंल. आन् तुझा क्लचबी खलास हाय. तू अर्ध्या क्लचवर गाडी चालवतीस."

"म्या न्हाई चालवत."

"चालवतीस. दर हप्त्याला ह्या उतारावरनं वर जातीस तवा मला आवाज येतो. पाय काडतच न्हाईस."

दर हप्त्याला वर केलेली काच, ताठ मान, समोर नजर. आणि पत्र्याच्या आत कुणीतरी दर हप्त्याला तो आवाज ऐकत होतं. आक्कांनी पदर खोचला.

"चढाला अर्दा क्लच लागतोच."

"लागत न्हाई."

"तुमी पोती भरून चडवा मग बगू!"

आणि ते भांडायला लागले. क्लचवरून सुरुवात झाली, तिथून स्टोवर गेले, स्टोवरून मिस्त्रींच्या आईवर, तिथून परत गिअरबॉक्सवर. मी हळूच उठले आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बसले. हॉटेलवाला चहा ठेवत म्हणाला, "मिस्त्रींना एवढं बोलताना म्या जन्मात बगितलं न्हाई." माझा चहा पिऊन झाला, दुसरा झाला, तरी दोन्ही आवाज येतच होते. मग ते थांबले, आणि पान्याचा आवाज सुरू झाला.

परत गेले तेव्हा मिस्त्री गाडीखाली आडवे होते आणि त्यांच्या शेजारी, तशाच आडव्या, आक्का बॅटरी धरून होत्या. खालून चार पाय बाहेर आलेले. गिअरबॉक्स उतरवायला जीपवाला आणि किराणावाला मदतीला आले. जुनं सील निघालं. बांगडीएवढी रबराची कडी, आतून कडक होऊन चिरलेली. आक्का ती हातात घेऊन फिरवून बघत राहिल्या.

"येवढ्याशापायी?"

"रबर हाय. उष्णतेनं कडक हुतं. मग धरत न्हाई," मिस्त्री म्हणाले. नवं सील त्यांनी फळीवरच्या डब्यातून शोधून काढलं. बसवताना कडी तिरकी वाटत होती. आक्का म्हणाल्या, "डावीकडं वर हाय जरा." मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात नीट बघितलं. "न्हाई, सरळ हाय. सावली पडलीया. तू बॅटरी हिकडनं धर, मग दिसंल." आक्कांनी बॅटरी दुसऱ्या बाजूने धरली, बघितलं, आणि म्हणाल्या, "व्हय. सरळ हाय." एवढंच.

काम संपेपर्यंत तोरण्यावर ऊन कलतं झालं होतं. आम्ही निघालो तेव्हा मिस्त्री बाजूला उभे राहून कान देऊन ऐकत होते. आक्कांनी गाडी गॅरेजमधून रस्त्याच्या चढावर घेतली आणि क्लचवरचा पाय पूर्ण काढला. गाडी एक धक्का खाऊन बंद पडली. मागून मिस्त्रींचं हसू ऐकू आलं. आक्का आरशात बघून पुटपुटल्या, "हसतंय बग कसं." त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंगणातला पुठ्ठा कोरडा होता. आक्कांनी तो कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला.

त्यानंतर गुरुवारी, म्हणजे गॅरेज बंद असायचं त्या दिवशी, मिस्त्री एसटीने उत्रोलीला यायला लागले. गाडी बघायला, असं सांगायचे. बॉनेट उघडून उगाच एखादा बोल्ट आवळायचे. आक्का त्यांना जेवायला वाढायच्या, गोल भाकरी. संध्याकाळच्या एसटीने ते परत जात. गावात कुजबुज झाली, तर आक्का भर गिरणीत म्हणाल्या, "ज्याला काय इचारायचंय त्यानं मोठ्यानं इचारा, पट्ट्याच्या आवाजात आईकू येत न्हाई." कुणी विचारलं नाही. एका गुरुवारी मी म्हटलं, "आक्का, मिस्त्रींना इथेच राहा म्हणा की." त्या म्हणाल्या, "नगं. एसटीनं मानूस येतंय त्ये यायचं म्हनून येतंय. घरातच असलं तर त्ये कसं कळायचं?"

माझं तिथलं काम संपलं आणि मी जुन्नरला गेले. फोनवर बोलणं व्हायचं. हळूहळू ते अवघड व्हायला लागलं. मी एक विचारायचे, आक्का दुसऱ्याच गोष्टीचं उत्तर द्यायच्या. पुढे फोन मिस्त्रीच उचलायला लागले. गिरणीच्या खडखडाटाने आक्कांचे कान गेले होते.

ह्या वर्षी भाताच्या कापणीच्या दिवसांत भोरला जाणं झालं, तेव्हा उत्रोलीला गेले. गॅरेज आता मिस्त्रींचा पुतण्या बघतो. मिस्त्री बहुतेक रोजच येतात. गिरणीत आक्कांच्या शेजारी स्टुलावर बसतात. आलेली बाई काय म्हणते ते आक्कांकडे तोंड करून, ओठ नीट हलवून सांगतात. "बारीक पायजे म्हनतीया." आक्का मान हलवून दगड आवळतात. मिस्त्रींनी कानाचं मशीन घेऊन दिलं आहे, ते आक्कांच्या शर्टाच्या खिशात असतं. "त्यात निस्ता वारा आईकू येतो," त्या म्हणाल्या.

वेल्ह्याला पोती घेऊन निघालो. आक्का गाडी चालवत होत्या, मिस्त्री त्यांच्या शेजारी, मी मागे. रस्ता पूर्वीपेक्षा रुंद झालाय, गाड्याही वाढल्या आहेत. मागून हॉर्न वाजला की मिस्त्री हाताने जरासा डावीकडे इशारा करत आणि आक्का गाडी कडेला घेत. चढावर इंजिनाचा आवाज बदलला की ते एक बोट खाली करत आणि आक्का गिअर बदलत. दोघांपैकी कुणीही त्यासाठी मान वळवत नव्हतं. मार्गासनीच्या पुढे आक्का भाताच्या शेतांकडे बघत मोठमोठ्याने सांगायला लागल्या, कुणाचं पीक आडवं झालं, कुणाचं उभं आहे. मधेच मिस्त्री काहीतरी पुटपुटले, अगदी हळू, मला मागे नीट कळलंही नाही. आक्का खळखळून हसल्या.

मला काळजी वाटत होती. मी पुढे वाकून मिस्त्रींच्या कानाशी विचारलं, "आक्कांना आता अजिबातच ऐकू येत नाही का हो?"

मिस्त्रींनी मान जराशी मागे वळवली.

"हॉर्नचं येत न्हाई," ते म्हणाले. "इंजनाचं येत न्हाई. लोकांचंबी न्हाई येत." मग चष्मा सारखा केला. "माझं त्येवढं येतंय."